देवाच्या जागी सुपारी

१

डबी उघडली आणि माझा हात तिथंच थांबला. देव नव्हता.

तांदूळ होते, लाल फडकं होतं. पण आमच्या खंडेरायाचा चांदीचा टाक जिथं उभा असायचा, तिथं एक अख्खी सुपारी रोवलेली होती. वर कुंकवाचं बोट ओढलेलं.

हे आमच्या मुरबाडाकडं घडलं असतं तर मी सगळा गाव उभा केला असता. घडलं ते जैसलमेरच्या पलीकडं, वाळूतल्या एका रिसॉर्टमध्ये, भर दुपारी, जेवायला बसल्यावर. तंबूसारखं हॉटेल, भिंतींना आरसे, खाली गाद्या, आणि ताटात वाट्यांची एवढी गर्दी की बोट घालायला जागा नाही. मी पहिला घास काढून डबीपुढं ठेवायला गेले आणि हे बघितलं.

"काय झालं गो आये?" थोरला भगीरथ म्हणाला.

"देव कुठंय?"

कोणाचाच घास तोंडापर्यंत गेला नाही.

देव सहलीला कशाला नेला, असं विचारणारे पुष्कळ भेटले. त्यांना माझं एकच उत्तर. घराला कुलूप, नातवंडं मामाकडं, मग देवाला नैवेद्य दाखवायचा कोणी? शेजारणीकडं सांभाळायला द्यायला देव म्हणजे काय म्हशीचं रेडकू आहे? आम्ही जिथं जेवणार तिथं तो जेवणार. दुपारच्या जेवणाला डबी उघडायची, पहिला घास दाखवायचा, डबी बंद. जोधपूरच्या हॉटेलात बाजूच्या टेबलावरची बाई टकामका बघत होती. मी तिला म्हटलं, "क्या देखती? तुम्हारे घर में देव उपाशी रहता है क्या?" बाईने मान खाली घातली ती जेवण संपेपर्यंत वर केली नाही.

देव अंगावर वागवायचा तर माझ्या पथ्याचं मला बघावं लागतं. अंगावर देव असेल तोवर मटण-मासळी नाही आणि चामड्याला शिवायचं नाही. म्हणून पायात रबरी चपला आणि ताटात रोज डाळ. आमच्या घरात हे लहान पोरालासुद्धा ठाऊक आहे.

हॉटेलचा मॅनेजर धावत आला. टाय बांधलेला, केसांना तेल. त्याला पंकजने, माझ्या धाकट्याने, हिंदीत सगळं सांगितलं. मॅनेजरने एकदाच मान हलवली आणि वळून ओरडला, "सवाई!"

सवाई म्हणजे आम्हाला वाढणारा वेटर. मिशा पिकायला लागलेला, डोक्याला लाल फेटा. काल आम्ही जीपमधून उतरलो तेव्हा माझी पिशवी यानेच खोलीपर्यंत नेली होती.

"कल सामान इसी ने उठाया था," मॅनेजर म्हणाला. "माजी, आप फिकर मत करो. इसको मैं अभी पुलिस को देता हूँ."

सवाईने हातातला पाण्याचा जग खाली ठेवला. हात जोडले. मॅनेजरने त्याचं मनगट धरलं.

२

"थांब," मी म्हटलं. "त्याचा हात सोड."

"आये, तू मध्ये पडू नको," पंकज म्हणाला. "चांदी आहे ती."

"चांदी चोरणाऱ्याला एवढा टाइम असतो काय रे? पिशवीतनं हळदी-कुंकवाची पुडी काढ, त्यातली सुपारी शोध, तांदळात नीट बसव, कुंकू लाव? चांदीला हात घालणारा डबीसकट उचलून मोकळा होईल."

मग मी सुपारी सगळ्यांपुढं धरली. आमच्यात रिवाज आहे. देव जागचा हलवायचा तर जागा उघडी ठेवत नाहीत. टाक उजळायला सोनाराकडं न्यायचा असला तरी तेवढ्यापुरती सुपारी बसवायची, तिला कुंकू लावायचं, मगच देव उचलायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूने मला शिकवलं, मी घरात सगळ्यांना शिकवलं.

"ज्यानं देव नेला त्याला जागा रिकामी ठेवायची भीती वाटली," मी म्हटलं. "हा फेटेवाला त्यातला नाय. हे आपल्यातल्याच कोणाचं तरी काम हाय."

सवाई सुटला. त्याला काही कळलं नसावं, पण सुटलो एवढं कळलं. तो माझ्या पाया पडला आणि मागच्या मागं निघून गेला. मी जरा ताठ बसले. आपण कशी अक्कल चालवली, असं वाटलं मला.

ते फार वेळ टिकलं नाही. थोरली सून तानी माझ्याकडं बघतच नव्हती. ती धाकटीकडं बघत होती.

"मग आता लांब कशाला शोधायचं?" तानी म्हणाली. "काल शहरातल्या गच्चीवरच्या हॉटेलात आत्याबाय हात धुवायला गेल्या तवा पिशवी कोणी उघडली? मी डोळ्यानं बघितलं हाय."

धाकटी सून रंजिता. पंकजने आपल्या मनाने केलेली, कसाऱ्याकडच्या डोंगरातल्या एका वाडीवरची. लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं.

"मी लोणच्याची बाटली काढली," रंजिता म्हणाली. "आत्याबायना हॉटेलातलं जेवण जात नव्हतं म्हणून."

"बाटलीच काढली कशावरून?"

"वहिनी!" पंकज उठला.

"ओरडू नको रे. वाडीवरची पोर, तिला टाक काय नि सुपारी काय. पण शिकली असंल बघून बघून. देव शहापूरला न्यायची घाई कोणाला झालीय ते काय मला ठाऊक नाय?"

रंजिताने खांद्यावरची पिशवी सरळ केली. उंटाच्या कातड्याची, रंगीत दोऱ्यांनी भरलेली. काल सकाळी बाजारात पंकजने घेऊन दिली होती, तेव्हापासून ती खांद्यावरून उतरली नव्हती. पोरगी रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"आत्याबाय," ती म्हणाली, "उद्या सकाळी जीप येनार. तोवर देव गावला नाय तर मी तुमच्या घराला पाय लावनार नाय. सरळ वाडीवर जाईन. चोर म्हनून तुमच्या चुलीपुढं मला बसायचं नाय."

"ती जाईल तिकडं मी," पंकज म्हणाला. "मग शोधत बसा देव."

म्हणजे एका फेटेवाल्याला सोडवलं आणि आपल्याच घरात खड्डा केला. देव गेलाच होता, आता धाकटा लेकही चालला होता.

"रातच्याला नाय, उद्या नाय," मी म्हटलं. "दिवस मावळायच्या आत देव माझ्या पुढ्यात असंल. तोवर कोणी सामानाला हात लावायचा नाय."

बोलून बसले. कसा आणणार होते, ते मलाच ठाऊक नव्हतं.

३

सगळे गेल्यावर मी तिथंच गादीवर बसून राहिले. सुपारी पुढ्यात ठेवली.

तानी शहापूरचं बोलली त्याला कारण होतं. पंकज आसनगावच्या कारखान्यात आहे. शहापूरला त्याने घर बांधलं, तळमजल्यावर, आत संडास-बाथरूम. माझे गुडघे गेलेत. येताना गाडीत मी सांगून टाकलं होतं की म्हसा गावची जत्रा झाली की मी पंकजकडं राहायला जाणार, आणि देवही माझ्याबरोबर येणार. तानीने तोंड वाकडं केलं. भगीरथ खिडकीतून बाहेर बघत राहिला.

आता जमवाजमव करायची तर अशी. काल दुपारी गच्चीवरच्या हॉटेलात नैवेद्य दाखवला तेव्हा देव होता. मी हात धुवायला गेले, पिशवी रंजितापाशी. मग जीप. पिशव्या मागं, आणि मागं सामानात भगीरथ आणि तानी. मग सवाईने ती खोलीत नेली. तिथून आज दुपारपर्यंत माझ्या उशाशी. मी झोपले की मला ढोल वाजवला तरी जाग येत नाही, हेही घरात सगळ्यांना ठाऊक. तेव्हा हात कोणाचाही पोचला असता.

मी तानीला बोलावलं.

"काल रातच्याला तुझा नवरा नीट जेवला नाय?"

"पोट बिघडलं म्हनं. घरनं निघाल्यापासनं इकडच्या मटणाचा, लाल मांस, लाल मांस, असा जप चाललेला. आन् ते पुढ्यात आलं तर डाळ-बाटी मागवली. त्याचा वाटा मीच खाल्ला, वाया कशाला घालवायचा?"

"खाल्लास ना? बरं केलंस. आणखी काय?"

"आणखी काय म्हंजे? पँट वर ओढत फिरतोय कालपासनं, लाज वाटती मला. पट्टा लाव म्हटलं तर म्हने पोटात दुखतंय, आवळतो."

"आणि त्या नव्या मोजड्या?" काल सकाळी बाजारात त्याने टोकदार मोजड्या घेतल्या होत्या आणि दुपारपर्यंत नवरदेवासारखा मिरवत होता.

"चावतात म्हनं." तानीने हात झटकला. "पन आत्याबाय, तुमी ह्यांच्या पोटाची चौकशी करताय आन् चोर तिकडं खोलीत बसलीय."

"तू जा. तिला पाठव."

रंजिता येऊन उभीच राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"काल तू पण मटण खाल्लं नाय. मी बघितलं."

"नाय खाल्लं."

"का? घरी तर हाडं चोखून ठेवतीस."

ती जमिनीकडं बघून म्हणाली, "सगळे मटण खात व्हते आन् तुमी एकट्याच डाळ. मला बरं नाय वाटलं. आमच्या वाडीवर एक जन पथ्याचं खातंय तर त्याच्या शेजारी कोनीतरी तसंच खायला बसतंय. एकटं नाय सोडत."

मी तिच्याकडं बघितलं. तिच्या खांद्यावर ती उंटाच्या कातड्याची पिशवी तशीच लटकत होती.

"ही पिशवी काल सकाळपासनं उतरवली नाय ना गो?"

"झोपताना उतरवली. का?"

"काय नाय. जा. आणि संध्याकाळी जेवायला ये. मी बोलावलंय म्हणून ये."

ती गेली. मग मी सवाईला हाक मारली. तो पाण्याचा जग घेऊनच आला. मी माझ्या हिंदीत विचारलं, माझ्या मोठ्या मुलाचं काल पोट बिघडलं होतं, त्याने डाळ-बाटीशिवाय काय खाल्लं?

सवाई हसला. मग हसू आवरलं.

"माजी, मिरची वडा. दो बार मँगाया. बोले, घरवाली को मत बताना."

४

बिघडलेल्या पोटाचा माणूस तुपात बुडवलेली बाटी खात नाही आणि वर मिरची वडा तर मुळीच नाही. म्हणजे पोट ठीक होतं. मग मटण कशाला सोडलं?

ज्याने जागा उघडी राहू नये म्हणून सुपारी बसवली, तो देवाला खोलीत कपड्यांच्या पेटीत, चपलांच्या शेजारी टाकून ठेवील? खोल्या झाडायला माणसं येतात. शक्यच नव्हतं. देव त्याने अंगावरच ठेवला असणार. आणि अंगावर देव असला की मटण नाही.

काल मटण न खाणारी माणसं मी सोडून दोन. भगीरथ आणि रंजिता. रंजिताच्या खांद्यावर दिवसभर चामडं लटकत होतं. तिच्याकडं देव असता तर ती पिशवी तिने पहिली उतरवली असती. आणि भगीरथ? मोजड्या गेल्या, पट्टा गेला. काल संध्याकाळी उंटावर बसायची वेळ आली तेव्हाही तो मागं सरला होता, भीती वाटते म्हणाला. म्हशाच्या बाजारात उधळलेल्या बैलाची वेसण धरणारा माणूस. खोगिराला चामडं होतं, उंटाची कसली भीती!

माझा थोरला. ज्याच्या शब्दावर मी आजवर डोळे मिटून राहिले, तो. उन्हं उतरत होती. मला कोणाला हाक मारावीशी वाटेना.

पण मग मी सवाईला बोलावलं आणि संध्याकाळच्या जेवणाची ऑर्डर स्वतः दिली.

५

दिवस मावळायच्या आत सगळे येऊन बसले. बाहेर वाळू पिवळी पडली होती. पंकज आणि रंजिता दाराच्या बाजूला, लगेच उठता येईल असे. तानी मध्ये. भगीरथला मी माझ्या समोर बसवलं. अनवाणी आला होता, मांडी घालून बसला. तळपाय दिसत होते. मोजडी चावल्याचा फोड सोडा, लाल ठिपका नव्हता.

सवाईने परात आणून मधोमध ठेवली. लाल मांस. वरचं तूप अजून हलत होतं.

"आये, मला नको," भगीरथ म्हणाला. "पोट..."

"पोट बरं होईल. मी भरवते." मी बाजरीच्या रोटल्याचा तुकडा तोडला, मटणाच्या रश्श्यात बुडवला, वर एक फोड घेतली आणि हात त्याच्या तोंडापाशी नेला. मी स्वतः मटणाला हात लावला तेव्हाच माझा डाव पंकजच्या लक्षात आला असावा, कारण तो पुढं सरकला. "लहानपणी असाच भरवायचे ना रे? घे. आ कर."

भगीरथने तोंड उघडलं नाही. कपाळावर घाम आला. रस्सा माझ्या मनगटावरून ओघळत होता.

"घे रे भगीरथ. सगळे बघतायत. एक घास खा आणि रंजिताच चोर म्हण, मी मान्य करीन."

त्याने रंजिताकडं बघितलं. मग खाली बघितलं.

"नाय खाऊ शकत आये."

"का?"

त्याने शर्ट वर केला. कमरेला पांढरं फडकं गाठ मारून बांधलेलं होतं. गाठ सोडायला त्याला वेळ लागला. फडक्यातून खंडेराया निघाला आणि त्याने तो दोन्ही हातांनी परातीपासून लांब, उंच धरला. मटणाचा वास लागू नये म्हणून.

तानीच्या हातातला रोटला खाली पडला. "तुमी? अहो, तुमी?"

"मला चोरायचा नव्हता," भगीरथ म्हणाला. "घरी नेऊन गुपचूप देव्हाऱ्यात ठेवनार व्हतो. कुलूप मीच काढलं असतं, तुमी आत याल तवर देव देव्हाऱ्यात. मग म्हटलं असतं, बघ आये, देवाला शहापूरला जायचं नाय. तो आपल्या पायांनी घरी आला. देव नाय गेला तर तू पन नाय जानार. तू नसलीस तर त्या घरात काय ठेवलंय गो?"

तंबूच्या दोऱ्या वाऱ्याने वाजत होत्या.

मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण रंजिता समोर बसली होती, तिचा दिवसभराचा चेहरा माझ्या पुढं होता.

"आईसाठी केलंस म्हणतोस," मी म्हटलं. "आणि दुपारी हिला चोर म्हणत होते तवा तुझी जीभ कुठं होती? देव कमरेला बांधून, डोळ्यादेखत बघत बसलास. मटण खाल्लं तर देवाला विटाळ होईल, एवढं बरं कळलं तुला. एका पोरीचं घर मोडलं तर देवाला काय होईल, ते नाय कळलं?"

"चुकलो."

"मला नको सांगू. तिकडं बघून बोल."

थोरला दीर धाकट्या भावजयीपुढं मान खाली घालून म्हणाला, "चुकलो गो पोरी." आमच्याकडं असं कधी कोणी बघितलेलं नाही. रंजिताच गडबडली. तिने पदर सावरला आणि पंकजकडं बघितलं. पंकज पुढं वाकला. मग भगीरथला म्हणाला, "दादा, शर्ट खाली कर. लोक बघतायत."

"आता ऐका," मी म्हटलं. "जत्रा झाली की मी शहापूरला जाणार. माझे गुडघे कोणाचं ऐकत नायत. देव माझ्याबरोबर. आणि भगीरथ, तू देवाच्या जागी सुपारी बसवलीस ना? कुंकू लावलंस ना? मग ती आता तुझी. घरच्या देव्हाऱ्यात ठेव, रोज पहिला घास तिला दाखव. एक दिवस चुकलास तर मी एष्टीत बसून येईन, गुडघे असले तरी."

"येशील ना?" तो म्हणाला. माझ्या धाकात त्याला तेवढंच ऐकू आलं होतं.

"येईन रे बाबा. न येऊन जाते कुठं?"

माझे हात रश्श्याने भरलेले होते, देव मला घेता येत नव्हता. "रंजिता," मी म्हटलं, "घे गो. आजपासनं घरी जाईपर्यंत देव तू वागवायचा."

पोरगी उठली. भगीरथपर्यंत गेली, हात पुढं केले आणि थांबली. तिने खांद्यावरची उंटाच्या कातड्याची पिशवी काढली, लांब दाराशी ठेवली, पाण्याच्या जगमधून हातांवर पाणी घेतलं, ते पदराला पुसले, आणि मग देव घेतला.

मी काही शिकवलं नव्हतं. तानीनेही ते बघितलं.

तानी माझी जीभ घेऊनच या घरात आली आहे, तिच्याकडून चुकले असं निघायला जन्म जाईल. पण तिने आपल्या पुढ्यातलं मटणाचं ताट उचलून नवऱ्यापुढं आपटलं, "खा आता, कालपासनं मरताय," म्हणाली. मग डाळीची वाटी ओढली, अर्धी रंजिताच्या ताटात ओतली, अर्धी स्वतःच्या, आणि तिच्या शेजारी सरकून बसली.